वाचकांचे प्रश्न : मेमरीच्या लाइनींचे टर्मिनेशन

गेल्या अंकातील सर्किट बोर्डावरच्या लेखात टर्मिनेशनविषयी जेमतेम दोन ओळी होत्या. लाइनीवरून गेलेला सिग्नल टोकाला पोचल्यावर तेथेच जिरला पाहिजे आणि त्यासाठी टोकाला योग्य मूल्याचा रेझिस्टर लावतात, एवढेच त्यात सांगितले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे याच दोन ओळींना धरून आहेत, त्यामुळे या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आम्ही भोसरीत वीजमीटरच्या नोंदी साठवणारे यंत्र बनवतो. नव्या बोर्डावर एक प्रोसेसर आणि डीडीआर-३ पिढीच्या मेमरीच्या दोन चिप आहेत. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीच्या नमुना बोर्डावर प्रत्येक अ‍ॅड्रेस लाइनीच्या (मेमरीतली कोणती जागा हवी ते सांगणाऱ्या तारेच्या) टोकाला ५० ओहमच्या आसपासचा एक रेझिस्टर असून त्याचे दुसरे टोक ०.७५ व्होल्टच्या वेगळ्या पुरवठ्याला जोडलेले आहे. बाजारात मिळणाऱ्या, एकच मेमरी चिप असलेल्या एका लहान बोर्डावर मात्र यांपैकी काहीही नाही आणि तो बोर्ड उत्तम चालतो. हे चोवीस रेझिस्टर आणि तो जादा पुरवठा आम्ही गाळला तर चालेल का?

उत्तर : आपल्या बोर्डावर ते गाळू नयेत. एका चिपचा बोर्ड त्यांच्याशिवाय चालतो हे आपले निरीक्षण मात्र अगदी बरोबर आहे, आणि फरक कोठे पडतो हे आकडे मांडूनच नीट कळते.

फायबरग्लासच्या नेहमीच्या एफआर-४ बोर्डात सिग्नलला एक मिलिमीटर जायला साधारण ७ पिकोसेकंद लागतात. प्रोसेसरपासून मेमरीपर्यंत ६० मिलिमीटरची लाइन असेल, तर सिग्नल पोचायला ४२० पिकोसेकंद जातात. या ४२० पिकोसेकंदांत प्रोसेसरच्या ड्रायव्हरला, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या भागाला, पलीकडच्या टोकाला काय जोडले आहे याचा पत्ता नसतो. त्याला दिसतो तो फक्त त्या ट्रेसचा, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेघेचा, इम्पिडन्स (धावत्या लाटेला होणारा विरोध), जो ट्रेसची रुंदी आणि खालच्या ग्राउंड प्लेनपासूनचे, म्हणजे जमिनीला जोडलेल्या तांब्याच्या सलग थरापासूनचे, अंतर यांवरून ठरतो आणि जो आपण ५० ओहम धरू. ड्रायव्हरचा स्वतःचा रोध ३४ ओहम आहे असे समजा. शून्यावरून १.५ व्होल्टकडे निघालेल्या या ड्रायव्हरकडून लाइनीवर प्रत्यक्षात जी लाट जाते ती १.५ गुणिले ५० भागिले ८४, म्हणजे ०.८९ व्होल्टचीच असते.

आता टोकाला एकच चिप आहे आणि रेझिस्टर नाही असे धरू. मेमरी चिपची अ‍ॅड्रेसची पिन जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह घेत नाही, त्यामुळे लाट तेथून संपूर्ण परत फिरते आणि टोकावरचा व्होल्टेज दुप्पट होऊन १.७९ व्होल्टवर जातो. परतलेली लाट ड्रायव्हरवर आदळून उलट्या चिन्हाने पुन्हा निघते, टोकाचा व्होल्टेज १.४५ वर उतरतो, पुढच्या फेरीत १.५१ होतो आणि मग स्थिरावतो. पहिली उसळी पुरवठ्याच्या वर ०.२९ व्होल्ट गेली; डीडीआर-३ च्या मानकात ही मर्यादा ०.४ व्होल्ट आहे. तात्पर्य, एकच चिप, आखूड लाइन आणि बेताच्या ताकदीचा ड्रायव्हर एवढे जमले की टर्मिनेशनशिवाय काम भागते. आपण पाहिलेल्या बोर्डाचे रहस्य एवढेच आहे.

आपल्या बोर्डावर दोन चिप आहेत आणि लाइन पहिलीला स्पर्श करून दुसरीकडे जाते. या रचनेला फ्लाय-बाय म्हणतात. रेझिस्टर नसेल तर दुसऱ्या, म्हणजे टोकाच्या चिपला वरचेच चित्र दिसेल. पहिल्या चिपला मात्र आधी ०.८९ व्होल्टची पायरी दिसेल, आणि लाट पुढच्या चिपपर्यंत जाऊन परत येईपर्यंत व्होल्टेज त्या पायरीवरच थांबून राहील. दोन चिपमध्ये १५ मिलिमीटर अंतर असेल तर ही वेळ २१० पिकोसेकंद होते. डीडीआर-३ च्या चिपला 'एक' नक्की ओळखण्यासाठी ०.७५ च्या मध्यरेषेच्या वर किमान ०.१५ किंवा ०.१७५ व्होल्ट लागतो, म्हणजे ०.९ किंवा ०.९२५. आपली पायरी त्याच्या बरोबर खाली अडकली आहे. सिग्नल ना धड इकडे ना धड तिकडे, आणि त्याच वेळी क्लॉकची कड, म्हणजे चिपला लाइन वाचायला लावणारा बदल, आली तर त्या क्षणी चिपने काय वाचले याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

टोकाला ५० ओहमचा रेझिस्टर लावून तो ०.७५ व्होल्टला जोडला की काय होते ते पाहू. लाट परत येत नाही हे तर झालेच, पण माझ्या मते त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की लाइनीची सुरुवातीची पातळीच बदलते. 'शून्य' असताना लाइन शून्य व्होल्टवर न राहता ३४ आणि ५० ओहमच्या वाटणीमुळे ०.३० व्होल्टवर राहते. तेथून तीच ०.८९ व्होल्टची लाट निघाली की लाइन थेट १.२० वर पोचते, तीही पहिल्याच झेपेत आणि दोन्ही चिपच्या दारावरून जाताना. मध्ये पायरी नाही, परतीची वाट पाहणे नाही. रेझिस्टर जमिनीला किंवा १.५ व्होल्टला न जोडता मधल्या व्होल्टेजला जोडण्याचे कारण या साध्या बेरजेत आहे. वरचे सगळे आकडे आदर्श लाइनीचे आहेत. प्रत्यक्षात चिपच्या पिनांच्या धारितेमुळे कडा थोड्या गोलावतात, पण निष्कर्ष बदलत नाही.

क्लॉकचा वेग कमी करून हा प्रश्न सुटेल असे अनेकांना वाटते. तो पूर्ण सुटत नाही, कारण ड्रायव्हरची कड तेवढीच तीव्र राहते आणि पायरी तेवढीच लांब राहते. फक्त क्लॉकची कड आणि पायरी एकमेकांवर येण्याची शक्यता कमी होते.

रेझिस्टरच्या मूल्याबद्दल आपण पत्रात पुढे विचारले आहे की ५० ऐवजी हाताशी असलेले ४७ किंवा ५६ ओहम चालतील का. खुशाल वापरा. ५० ओहमच्या लाइनीला ५६ ओहमचा शेवट दिला तर परत फिरणारा भाग ५६ वजा ५० भागिले १०६, म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी असतो. अगदी ३९ लावला तरी तो बारा टक्क्यांच्या आसपास राहतो. मूल्यातली चूक लाइन पोटात घालते. जागेतली चूक ती घालत नाही, आणि हे मी स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी डीडीआर-२ च्या एका बोर्डावर शेवटच्या चिपच्या पुढे कनेक्टर आल्याने जागा उरली नव्हती, म्हणून मी रेझिस्टरच्या पट्ट्या शेवटच्या चिपच्या अलीकडे बसवल्या. शेवटची चिप त्यामुळे रेझिस्टरच्या पलीकडे २२ मिलिमीटरच्या शेपटीवर लोंबत राहिली. टेबलावर मेमरीची चाचणी रात्रभर बिनचूक चालली. मे महिन्यात विदर्भातल्या एका उपकेंद्रात, बंद पेटीत, तेच बोर्ड दुपारी दोननंतर एकामागून एक अडकू लागले. आम्ही ३९, ४७, ५६ असे सगळे रेझिस्टर बदलून पाहिले, पुरवठ्याला दोष दिला, मेमरीचा लॉट बदलला. शेवटी पुढच्या आवृत्तीत कनेक्टर आठ मिलिमीटर सरकवून रेझिस्टर शेवटच्या चिपच्या पलीकडे नेले, तेव्हा कोठे तो उन्हाळा संपला.

म्हणून आपल्या लेआउटमध्ये लाइन शेवटच्या चिपला स्पर्श करून पुढे जाईल आणि मगच रेझिस्टरवर संपेल, हे प्रत्येक लाइनीसाठी डोळ्यांनी तपासावे. रीसेटची लाइन या यादीत येत नाही. तिला मधल्या व्होल्टेजला बांधू नये. क्लॉकची जोडी वेगळी संपवतात, तिच्या दोन तारांमध्ये जोडीच्या इम्पिडन्सएवढा, साधारण १०० ओहमचा रोध शेवटच्या चिपनंतर येतो. जागा खरोखरच नसेल तर दुसरा मार्ग असा, की दोन चिप बोर्डाच्या वरच्या व खालच्या बाजूला समोरासमोर बसवाव्यात, म्हणजे दोघींचे अंतर जवळजवळ शून्य होऊन त्या एका चिपसारख्या वागतात. अशा बोर्डात टर्मिनेशनशिवाय भागू शकते, मात्र ते सिम्युलेशन करून ठरवावे, अंदाजाने नव्हे.

प्रश्न : ०.७५ व्होल्टचा टर्मिनेशन पुरवठा १.५ व्होल्टवरून दोन सारख्या रेझिस्टरांनी का मिळवू नये? मेमरीचा संदर्भ व्होल्टेजही ०.७५ असतो आणि तो तर आम्ही तसाच मिळवतो. मग दोन्ही एकत्रच का जोडू नयेत?

उत्तर : संदर्भ व्होल्टेज म्हणजे चिप ज्याच्याशी ताडून 'एक' की 'शून्य' ठरवते ती पातळी; त्याच्या पिनेत नगण्य प्रवाह जातो, त्यामुळे तेथे दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतात. टर्मिनेशनच्या पुरवठ्याचे काम निराळे आहे. वरच्याच उदाहरणात प्रत्येक लाइन साधारण ९ मिलिअँपिअर देते किंवा घेते. निम्म्या लाइनी 'एक' आणि निम्म्या 'शून्य' असतील तर प्रवाह आपापसांतच फिरतो आणि पुरवठ्यावर भार येत नाही; पण चोवीसच्या चोवीस लाइनी एकाच बाजूला गेल्या तर २१४ मिलिअँपिअरचा धक्का बसतो, आणि पुढच्या क्षणी तेवढाच उलट दिशेने.

दोन रेझिस्टरांनी हे पेलायचे ठरवले आणि पातळी ४० मिलिव्होल्टच्या आसपासच हलावी अशी अपेक्षा ठेवली, तर त्या जोडीचा एकत्रित रोध ०.२ ओहम हवा, म्हणजे प्रत्येकी ०.४ ओहमचे दोन रेझिस्टर १.५ व्होल्टवर उभे करावे लागतील. त्यातून सतत जवळजवळ १.९ अँपिअर वाहील आणि २.८ वॅट नुसती उष्णता होईल. नेहमीचा तीन पायांचा रेग्युलेटरही येथे चालत नाही, कारण तो प्रवाह देऊ शकतो पण घेऊ शकत नाही. यासाठी देणे आणि घेणे दोन्ही करणारे खास डीडीआर टर्मिनेशन रेग्युलेटर मिळतात. ते स्वस्त आहेत, आणि या ठिकाणी काटकसर करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन्ही ०.७५ एकत्र जोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. टर्मिनेशनचा पुरवठा कितीही चांगला असला तरी लाइनींच्या प्रत्येक हालचालीबरोबर थोडा डोलतो. मोजपट्टीच, म्हणजे संदर्भ व्होल्टेजच, जर मोजायच्या वस्तूबरोबर हलू लागली तर मोजमापाला अर्थ राहत नाही. रेझिस्टरांच्या पट्ट्यांखाली या पुरवठ्याचे तांबे रुंद ठेवावे आणि चार रेझिस्टरांच्या प्रत्येक पट्टीजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा निदान एक कपॅसिटर द्यावा.

प्रत्येक लाइनीला १०० ओहमचे दोन रेझिस्टर, एक १.५ व्होल्टला आणि एक जमिनीला, हाही मार्ग पुस्तकांत दिलेला असतो. लाइनीला दिसणारा रोध ५० ओहमच राहतो आणि वेगळा पुरवठा लागत नाही. पण लाइन कोणी चालवत नसतानाही प्रत्येक जोडीतून ७.५ मिलिअँपिअर वाहतात. चोवीस लाइनींचे मिळून १८० मिलिअँपिअर आणि पाव वॅटहून अधिक. विजेच्या मेनवर चालणाऱ्या यंत्राला ते खपेल, बॅटरीवरच्या यंत्राला नाही.

प्रश्न : मी सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. अ‍ॅड्रेस लाइनींना रेझिस्टर आहेत, पण डेटा लाइनींना एकही नाही. शिवाय प्रत्येक मेमरी चिपजवळ २४० ओहमचा एकच एकटा रेझिस्टर दिसतो, तो कशासाठी?

उत्तर : डेटा लाइनींचे रेझिस्टर चिपच्या आत गेले आहेत. डीडीआरच्या पहिल्या पिढीत ते मदरबोर्डवर असत. डीडीआर-२ पासून ते मेमरीच्या सिलिकॉनवरच आले आणि त्याला ऑन-डाय टर्मिनेशन, थोडक्यात ओडीटी, म्हणू लागले. यामागे जागा वाचवणे हे एक कारण होतेच, पण मोठे कारण असे की डेटा दोन्ही दिशांनी जातो. लिहिताना मेमरी ही घेणारी बाजू असते आणि वाचताना ती देणारी होते. बोर्डावर चिकटवलेला रेझिस्टर दोन्ही वेळा तसाच राहतो. आतला मात्र लिहिताना चालू आणि वाचताना बंद करता येतो.

सिलिकॉनवर अचूक रोध बनवणे अवघड असते. तापमान आणि व्होल्टेज बदलले की तो बराच सरकतो. म्हणून डीडीआर-३ मध्ये बाहेर २४० ओहमचा, एक टक्का अचूकतेचा रेझिस्टर ठेवतात आणि चिप स्वतःच्या आतल्या रोधांची त्याच्याशी तुलना करून त्यांना जुळवून घेते. चिप चालू होताना या जुळवणीला ५१२ क्लॉक लागतात, आणि नंतर चालू कामात अधूनमधून ६४ क्लॉकची छोटी जुळवणी करता येते. सराफाने तराजू काढताना आधी मापे ताडून पाहावीत तसा हा प्रकार आहे. आतले रोध २४० च्या अपूर्णांकांत मिळतात : १२०, ६०, ४०, ३० आणि २० ओहम. ड्रायव्हरचा ३४ ओहम हा चमत्कारिक आकडाही २४० भागिले ७ यातूनच येतो. हा एकटा रेझिस्टर चिपच्या जवळ ठेवावा, आणि तो दोन चिपमध्ये वाटून देण्याची हुशारी विद्यार्थ्यांनी तरी करू नये.

डीडीआर-४ मध्ये डेटा लाइनींचे आतले टर्मिनेशन मधल्या व्होल्टेजला न राहता थेट १.२ व्होल्टच्या पुरवठ्याला गेले. त्यामुळे 'एक' पाठवताना लाइनीतून प्रवाह वाहतच नाही, फक्त 'शून्य' पाठवताना वाहतो. आणि म्हणूनच एका बाइटमध्ये चारांहून अधिक शून्ये आली तर सगळा बाइट उलटा करून पाठवण्याची सोय त्यात केली आहे. अ‍ॅड्रेस लाइनी तेथेही बोर्डावरच्या रेझिस्टरांवर, ०.६ व्होल्टला संपतात. डीडीआर-५ मध्ये मात्र त्याही चिपच्या आत संपू लागल्या.

प्रश्न : घरच्या संगणकात मेमरीचे चार स्लॉट आहेत आणि माझ्याकडे एकच पट्टी आहे. पुस्तिकेत ती प्रोसेसरच्या लगतच्या स्लॉटमध्ये न लावता एक सोडून पुढच्या स्लॉटमध्ये लावा असे लिहिले आहे. हा छपाईचा दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. बहुतेक मदरबोर्डांवर एका चॅनेलच्या, म्हणजे प्रोसेसरपासून निघणाऱ्या एका संचाच्या, लाइनी जवळच्या स्लॉटवरून लांबच्या स्लॉटपर्यंत जातात. पट्टी जवळच्या स्लॉटमध्ये लावली तर लांबच्या स्लॉटपर्यंतचा तुकडा मोकळा लोंबत राहतो आणि त्याच्या टोकावरून लाटा परत येतात. लांबच्या स्लॉटमध्ये लावली तर लाइन पट्टीवरच संपते. सन २००० च्या सुमारास आलेल्या रॅम्बस पद्धतीच्या मेमरीत तर लाइन सगळ्या स्लॉटांतून ओवून टोकाच्या टर्मिनेशनवर संपत असे, त्यामुळे रिकाम्या स्लॉटमध्ये चिप नसलेली, केवळ तारा जोडून देणारी एक पट्टी घालावीच लागे. ज्यांनी नव्वदीच्या दशकात कॉलेजच्या लॅबमध्ये काळ्या कोअ‍ॅक्स केबलचे नेटवर्क पाहिले आहे त्यांना टोकाला लावायची ती ५० ओहमची पितळी टोपी आठवत असेल. कोणाच्या पायाने ती सैल झाली की सगळी लॅब बंद पडत असे, आणि शोध मात्र सर्व्हरपासून सुरू होई.

प्रश्न : मेमरीतून वाचताना डेटा लाइनीवर ऑसिलोस्कोप लावला तर मध्येच एक पायरी आणि नंतर लहरी दिसतात. ओडीटीच्या सगळ्या सेटिंग बदलून पाहिल्या. बोर्ड चालतो आहे, तरी हे चित्र पाहून झोप लागत नाही.

उत्तर : आपण प्रोब मेमरी चिपजवळच्या व्हायावर, म्हणजे बोर्डाचे थर जोडणाऱ्या छिद्रावर, लावला असल्याचे पत्रातील छायाचित्रावरून दिसते. वाचताना तेथे सिग्नल निघतो, पोचत नाही. निघण्याच्या जागी आणि वाटेत पायरी दिसणे स्वाभाविक आहे, आणि त्या ठिकाणी कोणी तो सिग्नल वाचतही नाही. महत्त्व आहे ते कंट्रोलरच्या, म्हणजे मेमरीतून वाचून घेणाऱ्या बाजूच्या, पिनेवरच्या आकाराला. कंट्रोलरच्या पोटाखाली, बोर्डाच्या मागच्या बाजूला त्याच लाइनीचा व्हाया सापडतो का पाहा आणि तेथे मोजा. मेमरीजवळचे चित्र तपासायचे असेल तर ते लिहिण्याच्या वेळी तपासावे.

दुसरी गोष्ट लहरींची. छायाचित्रात प्रोबची काळी, दहा-बारा सेंटिमीटरची क्लिपची तार लटकताना दिसते आहे. ती तार स्वतःच एक गुंडाळी आहे आणि अशा तीव्र कडांवर ती हमखास घंटेसारखी वाजते, म्हणजे स्वतःच्याच लहरी उमटवते. दिसणाऱ्या लहरींपैकी किती बोर्डाच्या आणि किती या तारेच्या, हे तिच्यासह सांगता येणार नाही. ती काढून प्रोबच्या टोकाजवळची लहान स्प्रिंग जवळच्याच ग्राउंड व्हायाला टेकवा आणि ओडीटीला हात न लावता तेच मोजमाप पुन्हा करा.